माळेगावच्या बोर्डावर एक फेरी

साल 1955. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची जत्रा भरलीय. नांदेड अजून हैदराबाद राज्यात, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. घोड्यांच्या बाजारात दिवसभर हिंडून तुमचे पाय धुळीनं माखलेत. आता रात्र चढलीय आणि तुम्ही तमाशाच्या कनातीत शिरताय. "सरका की पाव्हणं," म्हणत शेजारचे आजोबा घोंगडीचं टोक तुमच्याकडं करतात.

समोर फळ्यांचं बोर्ड, दोन गॅसबत्त्या. रंगवलेला पडदा नाही, राजवाडा नाही, झाड नाही. गण झाला, गवळण झाली, आता वग. राजा म्हणतो, प्रधानजी, शिकारीला निघू. ढोलकी घुमते, झीलकरी सूर धरतात, दोघं बोर्डावर गोल फेरी मारतात आणि राजा थबकतो. "केवढं हे घनदाट अरण्य!"

सोंगाड्या कपाळावर आडवा हात धरून थेट तुमच्याकडं बघतो. "अरण्य कुठलं महाराज? मला तर कंधारची माणसं दिसायलीत."

कनात खदखदते. मग राजा आवाज एकदम खाली आणतो. हळू, पाणवठ्यावर वाघ आलाय. आजोबांची विडी ओठांपाशीच अडते. तुम्हीही मान उंचावून पाणी शोधायला लागता, जिथं नुसत्या फळ्या आहेत.

याला अडाण्यांचा खेळ म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. नांदेडचे नरहर कुरुंदकर पुढं ज्या भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलत-लिहीत राहिले, त्यात हीच रीत 'कक्ष्याविभाग' या नावानं सांगितलीय. रंगभूमीचे भाग मनानं कल्पायचे. नटानं फेरी घातली की स्थळ बदललं. फेरी लांब तर गाव लांब. तमासगिरांनी तो ग्रंथ वाचला नव्हता, हे काय सांगायला हवं? 1979 पासून लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी केली, विमानासकट, तीही याच बळावर. सिनेमाचं निराळं. त्याला अरण्य दाखवायचं तर अरण्यात जावं लागतं, नाहीतर स्टुडिओत झाडं रोवावी लागतात.

आता जत्रेतला वग आखडलाय, फिल्मी गाण्यांनी रात्र खाल्लीय. तरी एकांकिका बसवणाऱ्या पोरांनो, नेपथ्यवाल्याच्या हातावर उचल ठेवण्याआधी मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावला एक रात्र काढा, आणि फर्माईश वगाचीच करा.