काळ्या पाण्यावर गेलेल्या बाया आणि आपली अंदमानची सहल



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की अलीकडे सहलीचा विषय निघतो. पंढरपूर झालेलं असतं, तुळजापूर झालेलं असतं, शेगाव तर आपल्या घरचंच. मग कुणीतरी म्हणतं, एकदा समुद्र पाहू. आणि दुसरी म्हणते, पाहायचाच तर नुसती चौपाटी कशाला, बेटावरच जाऊ, अंदमानला. गेल्या काही वर्षांत गावोगावचे लोक तिकडं जाऊन आले, त्यांनी फोनवर फोटो दाखवले, तेव्हापासून हे नाव आपल्याही तोंडी बसलं आहे. घरी मात्र बेत सांगितला की एखादी म्हातारी सासू हमखास म्हणते, "काय गं माय, काळ्या पाण्याला चालली का?"

आपण हसतो. पण त्या म्हातारीच्या शब्दात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात बाया आहेत, आणि आपलं बुलढाणाही आहे. म्हणून आज सहलीचा बेत करता करता तोच सांगते.

अंदमान बंगालच्या उपसागरात आहे, चेन्नईपासून समुद्रानं सुमारे १,२०० किलोमीटर. बारा महिने उष्ण हवा, भरपूर पाऊस, दाट जंगल, नारळी. आज आपल्याला हे वाचून जावंसं वाटतं. त्या काळी याच गोष्टींची भीती होती. एक तर समुद्र ओलांडला की जात बाटते अशी समजूत. दुसरं म्हणजे तिथून परत येणं नाही. १८५७ चं बंड मोडल्यावर इतके कैदी ठेवायचे कुठं, हा इंग्रज सरकारपुढं प्रश्न होता. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर नावाचा साहेब २०० कैदी घेऊन तिथं उतरला. जंगल तोडायचं, दलदल बुजवायची, आपलाच तुरुंग आपणच उभारायचा. तापानं माणसं पटापट मेली. जे जंगलात पळाले, त्यांतल्या धरून आणलेल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरनं एकाच दिवशी फाशी दिली. अशी ती वसाहत सुरू झाली.

मग १८६० सालचं इंडियन पीनल कोड आलं आणि १८६२ पासून लागू झालं. त्यात खुनाला दोनच शिक्षा होत्या. फाशी, नाहीतर जन्मभर हद्दपारी. या हद्दपारीलाच लोक काळं पाणी म्हणू लागले. कायद्यानं बाई आणि पुरुष असा फरक केला नव्हता, त्यामुळे बायाही जहाजात चढल्या. पुरुष हजारांनी गेले, बाया शेकड्यांनी. कुणावर नवऱ्याच्या खुनाचा आरोप, कुणावर विष घातल्याचा. आणि बऱ्याच जणींवर आरोप होता तो स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा.

ऐकून अंगावर काटा येतो ना? आई असं करील कशी, असं आपण लगेच म्हणतो. तर पुण्यात १८६३ साली काय घडलं ते ऐका. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र, त्यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय करून झाले, काही उपयोग झाला नाही. मुलगा झाला. आता जगाला तोंड कसं दाखवायचं, या भयानं तिनं बाळाचा गळा चिरला आणि प्रेत विहिरीत टाकलं. प्रेत सापडलं, पोलीस आले, खटला झाला, आणि काशीबाईला अंदमानची जन्मठेप झाली. शास्त्रीबुवांना काही झालं नाही. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा तेव्हा होऊन सात वर्षं झाली होती, १८५६ चा. पण कायद्याच्या कागदावर लग्नाची मुभा असणं वेगळं आणि वाड्यात, आळीत, नातलगांत ती असणं वेगळं. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

ही हकिगत स्वतः जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ च्या टिपणात लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला ती ठाऊक. या प्रकारानंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनो, इथं येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर इथं ठेवा, असा त्यांचा मतलब. १८८४ पर्यंत तिथं ३५ जणी येऊन गेल्या होत्या. बाळंतपणं सावित्रीबाईंनी निभावली. शाळेमुळे सावित्रीबाई आपल्याला माहीत असतात. मला विचाराल तर हे कामही तेवढंच मोठं आहे. काळ्या पाण्याच्या वाटेवरच त्यांनी दार उघडून ठेवलं होतं.

आता बुलढाण्याकडे येते. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर असाच खटला झाला. तिला फाशी सुनावली. अपिलात फाशी गेली आणि जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची सजा, झाली. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतून चर्चेला ऊत आला. पुण्याचं पुणेवैभव हे जुन्या मताचं पत्र, त्यानं या निमित्तानं सगळ्या बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्यातल्या एका बाईला संताप आला. त्या ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. तेव्हा आपल्या वऱ्हाडात मुलींची शाळा कुठली? वडिलांनीच मुलीला घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तेव्हा नवरा घरजावई म्हणून आला. अशा या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' नावाचं पुस्तक छापलं. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. लहानसंच पुस्तक, पन्नास-बावन्न पानांचं. पण त्यात पुरुषांना जे प्रश्न विचारलेत ते आजही कुणी चारचौघांत विचारले तर बैठक गप्प होईल. बाई साहसी, बाई कपटी, बाई अविचारी असं म्हणता, तर हे अवगुण पुरुषांत किती ते मोजू या, असा सगळा हिशेब त्यांनी मांडला. विधवेनं लग्न करायचं नाही, तिला फसवणारा मात्र मोकळा, आणि शेवटी सरकारी शिक्षा कुणाला, तर तिलाच. बायको मेली की पुरुषानं दहाव्या दिवशी दुसरीचा विचार करावा आणि बाईनं कोपऱ्यात बसावं, हा नियम देवानं केला की तुम्ही केला, असा त्यांचा रोख.

पुस्तकावर टीका झाली. अगदी सुधारक म्हणवणाऱ्यांनीही केली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा लोकांना कळलं की बुलढाण्यात अशी कुणी बाई होऊन गेली. जिजाऊंच्या सिंदखेडराजाला आपण दरवर्षी १२ जानेवारीला जातो. ताराबाईंचं नाव मात्र आपल्याच जिल्ह्यात किती जणींना ठाऊक आहे, ते आपापल्या गटात विचारून बघा.

तर अशा शिक्षा झालेल्या बाया अंदमानात पोचल्यावर त्यांचं काय व्हायचं? त्यांच्यासाठी साउथ पॉइंट नावाच्या टोकावर वेगळा बायांचा तुरुंग होता. तिथं त्यांना कापड विणायला लावत. पाच वर्षं नीट वागून काढली, की लग्नाची परवानगी. पुरुष कैद्यानं चांगल्या वर्तणुकीची दहाएक वर्षं काढली, की त्याला तिकीट मिळे. म्हणजे तो बराकीतून सुटून स्वतःचं खोपट बांधू शके, जमीन कसू शके, गुरं पाळू शके. असे तिकीटवाले ठरलेल्या दिवशी साउथ पॉइंटला येत. बायांना समोर आणत. पसंती होई, साहेबाकडे अर्ज जाई, दप्तरात नोंद होई, आणि झालं लग्न.

म्हणजे बघा, गावात जिला दुसरं लग्न करू दिलं नाही म्हणून जिच्या हातून गुन्हा घडला, तिचंच लग्न सरकार काळ्या पाण्यावर लावून देत होतं. सरकारला काही पुळका आलेला नव्हता. बेटावर वस्ती वाढवायची होती, पुरुष कैदी घर-संसाराला बांधले गेले की दंगा करत नाहीत हा हिशेब होता. बाईला मन आहे का, हा प्रश्न तिथंही मागंच राहिला. तरी काही जणींचे संसार झाले, वावरं झाली. त्यांची मुलं स्वतंत्र नागरिक म्हणून जन्मली. नवरा पंजाबचा, बायको बंगालची किंवा मद्रासेकडची, जात वेगळी, भाषा वेगळी, मग घरात बोलायचं काय? तर हिंदुस्थानी. आजही अंदमानात बाजारात, रिक्षात, शाळेत हिंदीच चालते. आपल्या बायांची तिथं भाषेवाचून अडचण होत नाही, ती या मोडक्यातोडक्या संसारांमुळे.

सेल्युलर जेल यानंतरचा. १८९६ ला बांधायला घेतला, १९०६ ला पुरा झाला. सात लांब इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या, मधे टेहळणीचा मनोरा. खोलीत एकच माणूस, साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर दिसायलाही नको. सावरकर बंधूंमुळे हा तुरुंग मराठी घराघरांत माहीत आहे. कोलू कसा ओढायला लावत, दिवसाला ३० पौंड खोबरेल कसं काढून घेत, हे तिथले गाइड सांगतातच, म्हणून मी त्यावर थांबत नाही. एवढंच लक्षात ठेवा की विनायकराव १९११ साली तिथं पोचले, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथं होते, आणि घरच्यांची भेट व्हायला १९१९ साल उजाडलं. त्या भेटीला विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई गेल्या. बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, सगळ्यांच्या येसूवहिनी, नवऱ्याची वाट पाहत त्याआधीच वारल्या होत्या.

१९३८ पर्यंत सगळे राजकीय कैदी मुलखात परत आले. १९४२ ते १९४५ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती, आणि तेव्हा तिथल्या लोकांनी फार सोसलं. त्याच काळात ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिथं तिरंगा फडकवला. पुढे आपल्या कायद्यातूनही हद्दपारीचा शब्द १९५५ च्या दुरुस्तीनं गेला, त्याजागी आजीवन कारावास आला. सेल्युलर जेल १९७९ ला राष्ट्रीय स्मारक झाला. सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत.

आता बेताचं बोलू. आपल्याकडं सोयाबीन सोंगून, कपाशीची शेवटची वेचणी उरकून फेब्रुवारी मोकळा मिळतो. नेमका तोच काळ तिकडं चांगला, समुद्र शांत असतो. मे लागला की पाऊस, तो बरेच महिने हटत नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या स्टेशनांवरून हावड्याची लाईन जाते. कोलकात्याहून किंवा चेन्नईहून पुढं विमान दोन-सव्वादोन तासांचं. जहाजही आहे, पण त्याला तीनेक दिवस लागतात, सुटायच्या तारखा ठरावीक असतात आणि पोट ढवळतं. पंधरा बायांचा गट असेल तर विमानाचं तिकीट तीन-चार महिने आधी काढावं, दरात खूप फरक पडतो. मुख्य बेटांवर आपल्याला वेगळा परवाना लागत नाही, आधार कार्ड जवळ असावं.

नावं बदलली आहेत, गोंधळू नका. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. हॅवलॉक आणि नील ही १८५७ चं बंड चिरडणाऱ्या गोऱ्या सेनापतींची नावं होती. २०१८ ला ती जाऊन स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. रॉस बेटावर साहेबांचे बंगले होते, त्यांच्या भिंतींना आता वडा-पिंपळाच्या मुळांनी विळखा घातला आहे. त्याला नेताजींचं नाव दिलं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या बेतातून काढून टाका. काही एजंट "जारवा दाखवतो" असं सांगतात. ही बेटं मुळात ज्यांची, ते लोक बाहेरच्यांनी आणलेल्या गोवरासारख्या रोगांनी संपत गेले. एके काळी हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी आज शंभरही नाहीत. जारवांचे फोटो काढायला, त्यांना खायला द्यायला कायद्यानं बंदी आहे. आणि बंदी नसती तरी माणसं काय बघायला जायचं?

गाडीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की साउथ पॉइंटकडूनही न्यायचं. त्याच्या ठरलेल्या फेरीत ते नसतं, तो म्हणेल तिथं बघण्यासारखं काही नाही. तरी न्यायला लावा. आणि सकाळीच जा. तिकडं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्या आधी उगवतो आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचलाच मावळतो.