संगणकातील माहितीची दुसरी प्रत : 'सिंक' म्हणजे 'बॅकअप' नव्हे

यवतमाळच्या पूर्वेला असलेले राळेगाव हे कापसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. (अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीशी त्याची गल्लत नेहमी केली जाते, ते गाव पारनेर तालुक्यातले.) अशा तालुक्याच्या गावात संगणकाची नवलाई कधीच संपली आहे. तहसील कचेरीच्या आसपास अर्ज टंकून देणारी केंद्रे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करणारी डीटीपीची दुकाने, फोटो स्टुडिओ, अडत्यांचे आणि जिनिंग-प्रेसिंगचे टॅलीतील हिशेब हे चित्र विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याला लागू पडावे. या साऱ्या कामाची पुंजी अनेक ठिकाणी एकाच हार्डडिस्कवर, एकाच प्रतीत असते. विजेचा एक झटका तिला पुरतो. डिस्क बाजारात पुन्हा मिळते. गेल्या मोसमातील चाळीस लग्नांची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत.

माहितीची दुसरी प्रत आपोआप करून देणारी सॉफ्टवेअर आज मुबलक आणि बहुतांशी मोफत उपलब्ध आहेत. तरीही माहिती गमावली जाते, याचे एक मोठे कारण शब्दांच्या गोंधळात आहे. 'सिंक' आणि 'बॅकअप' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक दोहोंचे काम जवळजवळ परस्परविरोधी आहे.

सिंक करणारे सॉफ्टवेअर दोन ठिकाणच्या फाइली सदैव एकसारख्या ठेवते. दुकानातील संगणकावर पत्रिकेत केलेला बदल घरच्या लॅपटॉपवर दिसावा, ही त्याची कामगिरी. परंतु एकसारखे ठेवणे याचा अर्थ चूकही एकसारखी ठेवणे असा होतो. एका ठिकाणी फाइल डिलीट झाली की दुसऱ्या ठिकाणीही ती काही क्षणांत डिलीट होते. बॅकअपचे सॉफ्टवेअर याउलट भूतकाळ जपते. काल फाइल कशी होती, गेल्या सोमवारी कशी होती, हे ते लक्षात ठेवते आणि मागितल्यास परत देते. सिंक हा आरसा आहे, तर बॅकअप ही रोजकीर्द. आरशात कालचा चेहरा दिसत नाही.

घरगुती संगणकावर सिंकची सोय प्रथम सर्वदूर पोहोचली ती विंडोज ९५ मधील 'ब्रीफकेस'मुळे. फ्लॉपीवर फाइली नेऊन परत आणल्या की दोन्हीकडच्या प्रती जुळवून देणारे ते फोल्डर होते. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिंकटॉय' हे मोफत साधन दिले. २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले. ड्रॉपबॉक्सची सेवा २००८ मध्ये आणि गुगल ड्राइव्ह २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून सिंक इंटरनेटवर गेले आणि 'क्लाउड' हा शब्द घरोघरी झाला.

सिंकटॉय आणि ड्रॉपबॉक्स यांच्या पूर्वीच, १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 'आरसिंक' हे साधन प्रसिद्ध केले होते. त्यामागची कल्पना मंद जोडणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगी आहे. मोठ्या फाइलीचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची गणिती खूण काढायची, दोन्ही टोकांच्या खुणा ताडून पाहायच्या आणि जो तुकडा बदलला असेल तेवढाच पाठवायचा. शंभर पानांच्या पुस्तकात एक ओळ बदलली तर सबंध पुस्तक नव्हे, फक्त ते पान टपालात टाकावे, तसाच हा प्रकार.

याच शास्त्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. व्हेरिटास या बॅकअप क्षेत्रातील मातब्बर कंपनीत काम केलेल्या जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोदंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यात 'द्रुवा' ही कंपनी स्थापन केली. ध्रुवताऱ्यावरून घेतलेले हे नाव. 'इनसिंक' नावाचे त्यांचे सॉफ्टवेअर मुख्यतः कंपन्यांतील लॅपटॉपच्या बॅकअपसाठी होते. एकच जोडपत्र शंभर कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर असेल तर ते शंभरदा न साठवता एकदाच साठवायचे, या तत्त्वावर त्याची उभारणी झाली होती. जागा वाचते आणि जोडणीवरचा भारही हलका होतो. पुढे कंपनीचे मुख्यालय कॅलिफोर्नियात गेले आणि २०१९ मध्ये तिचे मूल्यांकन १ अब्ज डॉलरच्या पुढे पोहोचले. गंमत अशी, की सॉफ्टवेअरचे नाव 'इनसिंक' आणि काम मात्र बॅकअपचे! शब्दांचा गोंधळ केवळ ग्राहकांपुरता नाही.

अशी सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी असतात. राळेगावच्या स्टुडिओचे गणित निराळे आहे. एका लग्नात ३००० छायाचित्रे काढली आणि प्रत्येक मूळ फाइल २५ मेगाबाइटची धरली तर ७५ गिगाबाइट होतात. चित्रफिती मिळवल्या की आकडा २०० गिगाबाइटवर सहज जातो. माहिती वर पाठविण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर एवढा ऐवज क्लाउडवर जाण्यास अठरा दिवसांहून अधिक काळ लागेल. वेग १० मेगाबिट मिळाला तरी जवळजवळ दोन दिवस. तेही वीज न जाता. लग्नसराईत दर दोन-तीन दिवसांआड नवे काम येत असताना हा मार्ग तुंबून राहणार हे उघड आहे. शिवाय गुगलच्या मोफत खात्यात १५ आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ गिगाबाइटच जागा असते. जागा भरली की सिंक थांबते आणि गुगलच्या बाबतीत त्याच खात्यावरची ई-मेलही येईनाशी होते. म्हणून क्लाउड असावे ते निवडक फाइलींसाठी: हिशेब, पत्रिकांचे नमुने, अंतिम अल्बम. बाकीच्या भारासाठी बाहेरून जोडण्याची हार्डडिस्कच खरी.

मोफत खात्यांची आणखी एक मर्यादा आहे. डिलीट झालेली फाइल या सेवा साधारणतः ३० दिवस राखून ठेवतात. एप्रिलमध्ये लागलेल्या लग्नाचा अल्बम मागायला गिऱ्हाईक दिवाळीत येते.

विंडोजमध्ये बॅकअपची सोय पदरचा पैसा न घालता मिळते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली 'फाइल हिस्टरी' बाहेरच्या डिस्कवर ठरावीक वेळाने, सहसा तासातासाला, बदललेल्या फाइलींच्या आवृत्त्या साठवते. विंडोज ११ मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. मात्र तिची नजर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा नेहमीच्या फोल्डरांवरच असते. आपल्याकडे तर काम 'डी' ड्राइव्हवर ठेवण्याची रीत आहे. 'सी' उडाले तरी 'डी' वाचते, ही समजूत विंडोज नव्याने टाकण्यापुरती खरी. बहुतेक संगणकांत 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. 'डी'वरचे फोल्डर फाइल हिस्टरीच्या नजरेत आणण्यासाठी ते विंडोजच्या 'लायब्ररी'त मुद्दाम समाविष्ट करावे लागते. मॅक वापरणाऱ्यांना २००७ पासून 'टाइम मशीन' मिळते आणि ते या बाबतीत बरेच सरळ आहे.

'फ्रीफाइलसिंक' हे मोफत सॉफ्टवेअर डीटीपीवाल्यांना सोयीचे पडते. कोणती फाइल कोठून कोठे जाणार, काय पुसले जाणार, हे ते आधी पडद्यावर दाखवते. त्यातील 'मिरर' हा पर्याय मात्र जपून वापरावा. उजवीकडची डिस्क डावीकडच्यासारखी तंतोतंत करणे एवढेच तो जाणतो. डावीकडे नवी कोरी डिस्क लावली गेली तर उजवीकडचा भरलेला संग्रहही तो रिकामा करील. पुसल्या जाणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवण्याची सोय त्यातच आहे, ती सुरू करावी. दुकानातील दोन संगणक इंटरनेटशिवाय आपसांत जोडायचे असतील तर २०१३ मध्ये आलेले 'सिंकथिंग' उपयोगी पडते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय तेथेही आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते.

जुन्या आवृत्तीचे मोल मे २०१७ मध्ये जगाला कळले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने तेव्हा असंख्य संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. अशा हल्ल्यात सिंकचे सॉफ्टवेअर कुलूपबंद फाइललाच ताजा बदल समजते आणि इमानेइतबारे सर्वत्र पोहोचवते. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही सुटत नाही. काम झाले की डिस्क काढून ठेवावी, हा सल्ला जुनाट वाटला तरी त्याला तोड नाही. विजेच्या झटक्यापासूनही तोच उपाय वाचवतो.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची बाब वेगळी. नोंदी चालू असताना त्याचे फोल्डर नुसते उचलून दुसरीकडे ठेवले तर काही फाइली आधीच्या क्षणाच्या आणि काही नंतरच्या, अशी सरमिसळ प्रत हाती लागू शकते. टॅलीत बॅकअपची स्वतःची आज्ञा आहे. दिवसअखेर तीच वापरावी.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे तर याहून निराळा पेच आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची कित्येक वर्षे आपल्याकडील डीटीपीचे काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकची 'आयएसएम' अशा प्रणालींतील फाँटवर चालले. या फाइलींत मराठी अक्षरे नसतात, त्या त्या फाँटची सांकेतिक चिन्हे असतात. फाइल सुखरूप राहिली आणि फाँट हरवला तर पडद्यावर उमटते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. म्हणजे बॅकअप शंभर टक्के यशस्वी आणि मजकूर वाचता येत नाही! अनेक सॉफ्टवेअर फक्त कागदपत्रांचे फोल्डर उचलतात. फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहतात आणि तेथेच नष्ट होतात. फाँट, ते वापरणाऱ्या प्रणालीची सीडी आणि असल्यास तिचे हार्डवेअर लॉक, हे सारे बॅकअपचाच भाग मानले पाहिजे.

पेजमेकरची गोष्टही तशीच. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये आली. त्या काळातील फाइली अडोबीचेच इनडिझाइन 'सीएस ६' या आवृत्तीपर्यंत उघडू शकत असे. त्यानंतरच्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत. स्मरणिका, गावचा इतिहास, कुलवृत्तांत असे पुन्हा न होणारे काम ज्यांच्याकडे जुन्या फाइलींत पडून आहे, त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवरच त्याची पीडीएफ करून ठेवावी आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

प्रती किती आणि कोठे असाव्यात, याचा ठोकताळा अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी '३-२-१' असा मांडला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत वेगळ्या जागी. वेगळी जागा का, याचे उत्तर महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी पाहिले. मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील हजारो फाइली भस्मसात झाल्या. एकाच इमारतीतील दोन कपाटांत आग भेद करीत नाही. राळेगावच्या दुकानदाराला यासाठी क्लाउडच हवे असे नाही. दर महिन्याला एक डिस्क यवतमाळच्या किंवा वर्ध्याच्या नातलगाकडे आणि तेथली परत, अशी अदलाबदल एसटीने जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबरही होते. गिऱ्हाइकांची कागदपत्रे असलेली डिस्क मात्र पासवर्ड घालूनच द्यावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' आहे. 'व्हेराक्रिप्ट' कोणत्याही आवृत्तीवर मोफत चालते. पासवर्ड विसरल्यास मात्र कोणीही ती उघडून देऊ शकत नाही.

राहिला प्रश्न प्रत खरोखर उघडते की नाही याचा. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, तेव्हा पिक्सारच्या बॅकअपमध्येही बिघाड असल्याचे उघड झाले. गॅलिन सुसमन या अधिकारी बाळाच्या संगोपनासाठी घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती आणि बरेचसे काम तीतून परत मिळाले. पडताळणीची पद्धत साधी आहे. जुनी चार-पाच कामे निवडून ती दुसऱ्याच संगणकावर परत आणावीत, उघडावीत, मराठी अक्षरे जागेवर आहेत का ते पाहावे, टॅलीतील शिल्लक जुळते का ते तपासावे. विदर्भात याला सोयीचा काळ मेअखेरचा. लग्नसराई ओसरू लागलेली असते, कापसाची खरेदी बहुतेक आटोपलेली असते आणि मृगाच्या विजा कडाडू लागण्यास अजून थोडे दिवस बाकी असतात.