शटर मोजू नका, काम मोजा: मोठी दुकानं आणि आपलं शहर



पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, आणि विषय डोक्यात आहे: 'मॉल संस्कृतीचा किरकोळ व्यापाऱ्यांवर झालेला परिणाम: विशेष संदर्भ छत्रपती संभाजीनगर शहर'. अशा विषयाचे दोन-तीन मेल मला दर वर्षी येतात. विषय चांगला आहे. पण त्यातला 'परिणाम' हा शब्द दिसतो तेवढा सोपा नाही. मी स्वतः त्यात कशी फसले ते आज सांगते. मी मूळची सांख्यिकीची, एम.एस्सी. झाल्यावर आर्थिक इतिहासाकडे वळले. आकडे आपल्याला येतात असा थोडा गर्व होता, तो पहिल्याच वर्षी उतरला.

आधी अमेरिकेतलं भांडण

१९६२ साली सॅम वॉल्टनने आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. मोठी शहरं सोडून त्याने लहान गावं धरली. गावाबाहेर स्वस्त जागा, एका छताखाली सगळं, किंमत कमी. पुढच्या काळात गावातल्या मुख्य रस्त्यावरची जुनी दुकानं बंद पडू लागली, आणि यावर संशोधनाचा ढीग तयार झाला.

त्यातले दोन पेपर तुम्ही शेजारी ठेवून वाचाच. एमेक बास्कर यांनी २००५ मध्ये दाखवलं की वॉलमार्ट आलं की त्या काउंटीत किरकोळ व्यापारातल्या नोकऱ्या आधी सुमारे १०० ने वाढतात, आणि पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या जातात. म्हणजे शेवटी थोडी वाढच. २००८ मध्ये डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी उलटं सांगितलं: वॉलमार्टमधला एक कामगार साधारण १.४ इतर कामगारांची जागा घेतो, म्हणजे घट.

दुकान तेच, देश तोच, मग उत्तर उलटं का? कारण मोठं दुकान कुठेही उगवत नाही, ते वाढणारं गाव निवडतं. मग नोकऱ्या दुकानामुळे वाढल्या की गाव वाढतच होतं म्हणून, हे वेगळं कसं करायचं? बास्कर यांनी दुकान उघडायची ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यातल्या फरकाचा आधार घेतला. न्यूमार्क यांनी कंपनीचं मुख्यालय असलेल्या बेंटनव्हिलपासूनचं अंतर वापरलं, कारण दुकानं तिथून बाहेर-बाहेर पसरत गेली होती. हत्यार बदललं आणि उत्तरही बदललं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे काय घडलं

आपलं शहर त्या गावांसारखं नाही. इथे गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट हा जुना बाजार. धान्याचा घाऊक व्यवहार मोंढ्यात, आधी जुना मोंढा, मग जाधववाडी. सिडको वसली तशी कॅनॉट आणि टीव्ही सेंटरला दुकानांची नवी रांग लागली. चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीमुळे महिन्याला पगार घेणारा मोठा वर्ग तयार झाला. मोठ्या दुकानाला नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं: एक तारखेला पगार आणि हातात महिन्याच्या किराण्याची यादी.

आता तारखा बघा. बिग बाजार २००१ मध्ये सुरू झालं, डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला. २०१० मध्ये चिकलठाणा एमआयडीसीत प्रोझोन मॉल उघडला. त्याच वर्षी शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. थोडक्यात, कंपन्यांची नजर या शहरावर होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. अट अशी की २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांतच दुकान काढायचं. २००१ मध्ये आपलं शहर पावणेनऊ लाखांच्या आसपास होतं, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. म्हणजे त्या एका जनगणनेने आपण रेषेच्या पलीकडे गेलो.

पण वॉलमार्ट त्या दारातून आलंच नाही, दुसऱ्या दाराने आलं. घाऊक विक्रीत १०० टक्के परकीय गुंतवणूक आधीपासून चालत होती. भारती उद्योगसमूहाबरोबर त्यांनी २००९ मध्ये अमृतसरला 'बेस्ट प्राइस' नावाचं पहिलं घाऊक दुकान काढलं. २०१३ मध्ये दोघे वेगळे झाले तेव्हा देशात अशी वीस दुकानं होती. महाराष्ट्रातली कुठे? मुंबई-पुण्यात नाही, अमरावतीत आणि आपल्या शहरात! पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा वाटा घेतला आणि २०२० मध्ये ही घाऊक दुकानं फ्लिपकार्टच्या नावाखाली गेली.

इथेच तुमच्या विषयाची गोची होते. त्या दुकानात तुम्हाआम्हाला खरेदी करता येत नव्हती. सभासद कोण? किराणावाले, हॉटेलवाले, कार्यालयं. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी दुकानदार कंपनी आपल्या किराणावाल्याची स्पर्धक होऊन नाही, तर त्याची पुरवठादार होऊन आली. मग धक्का कुणाला? किराणावाल्याला कदाचित फायदाच, पण तो आधी जिथून माल उचलायचा त्या घाऊकवाल्याचं काय, तिथल्या हमालाचं काय? 'लहान व्यापारी' असा एकच गट धरला, तर हा फरक सिनॉप्सिसमध्येच गाडला जातो.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी सिडकोतल्या काही गल्ल्या निवडल्या. २०१० च्या आधी कुठली किराणा दुकानं होती ते जुन्या रहिवाशांना विचारून यादी केली आणि आज त्यातली किती चालू आहेत ते मोजलं. बहुतेक चालू होती. मी खुशीत लिहिलं: 'मोठ्या दुकानांचा परिणाम नगण्य.'

मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "आत कोण बसलंय?"

मी परत गेले. एका दुकानात काका म्हणाले, "पूर्वी दोन पोरं होती कामाला. आता दुपारून तुझी काकू बसते, संध्याकाळी मुलगा कॉलेजातून आला की तो." मी विचारलं, शटर किती वाजता पडतं? "पूर्वी नऊला, आता साडेदहा. महिन्याची यादी मोठ्या दुकानात जाते ना बाई. आपल्याकडे सुटं सामान, दहाची पुडी आणि उधारी. मग उशिरापर्यंत बसावंच लागतं."

माझ्या तक्त्यात हे दुकान 'चालू' होतं. दोन पोरं तक्त्यात कुठेच नव्हती. काकूंचे पाच-सहा तासही नव्हते, कारण त्याचा पगार नाही. तोटा झाला होता, पण तो घराने गिळला होता.

काकांचा हा प्रकार विरळा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३ व्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, शेतीबाहेरचे असंघटित उद्योग सुमारे ६.३४ कोटी निघाले. त्यातले साधारण ८४ टक्के कायमचा पगारी माणूस न ठेवता चालणारे. असा धंदा चटकन बंद पडत नाही, आतून बारीक होत जातो. 'इक्रिअर' या दिल्लीतल्या संस्थेच्या २००८ च्या अभ्यासातही हेच दिसतं: मोठ्या दुकानाजवळच्या लहान दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटला, पण स्पर्धेमुळे बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला १.७ टक्केच होतं. फक्त दुसरा आकडा उचलला तर निष्कर्ष गोड निघतो.

कामगाराचं काय?

लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. काकांच्या त्या दोन पोरांना तरी काय मिळत होतं? ईएसआय साधारण १० आणि पीएफ २० कामगारांपासून लागू होतो, त्यामुळे किराण्यातला पोरगा दोन्हींच्या बाहेर. मोठ्या दुकानातला कामगार कायद्याच्या आत येतो, ही जमेची बाजू. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही मुख्यतः १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. त्याने वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, आणि कामगाराला दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा.

पण कायद्याच्या आत आलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं. त्या लढल्या, म्हणून २०१८ मध्ये तिथे बसायचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. 'रोजगार: होय/नाही' अशा रकान्यात ही गोष्ट कशी टिपणार?

आणि मोंढ्यातला हमाल विसरू नका. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मंडळ, मजुरी आणि काही संरक्षण दिलं. माल कारखान्यातून थेट कंपनीच्या गोदामात गेला, तर ओझं तेवढंच राहतं, पण उचलणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो.

मग सिनॉप्सिसमध्ये काय बदलायचं?

एक, 'दुकान चालू की बंद' एवढ्यावर थांबू नका. आत कोण, किती तास, पगार घेऊन की घरचं म्हणून, हे विचारा. विचारताना काकूंशी वेगळं बोला. काका त्यांचे तास 'थोडा वेळ' असे सांगतात.

दोन, फक्त आज असलेली दुकानं घेऊ नका. बंद पडलेल्यांचे मालक आणि सुटलेले नोकर शोधा. वेळ लागतो, पण खरी माहिती तिथेच आहे.

तीन, सगळं खापर मॉलवर फोडू नका. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, २०२० चं लॉकडाउन, मग मोबाइलवरची खरेदी. मोठ्या दुकानाजवळची आणि लांबची, अशा दोन्ही गल्ल्या घेतल्या तरच काही वेगळं करता येईल. अमेरिकेतलं भांडण आठवा, हत्यार नीट निवडा.

चार, मोठं दुकानही अमर धरू नका. २०२२ मध्ये फ्यूचर समूह कोसळला आणि देशभरातली बिग बाजार गेली. तिथल्या कामगारांचं पुढे काय झालं, हाही एक पीएच.डी.चा विषय आहे. कुणी घेतला तर मला आनंदच होईल.

माझं ते 'परिणाम नगण्य' वाक्य लिहिलेलं पान मी फाडलं नाही. फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय. आरआरसीसमोर जायच्या आधी तुमचाही तक्ता एकदा काढून बघा, आणि प्रत्येक ओळीपुढे मॅडमचा तो प्रश्न लिहा.

शंका असतील तर लिहा. पुढच्या लेखात मोंढ्यातली जुनी आडतीची पुस्तकं कशी वाचायची ते बघू.