गाथासप्तशतीतील प्रेमपुष्पे

माहाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' या सुमारे सातशे गाथांच्या संग्रहात फुलांना शृंगारसूचक प्रतीक म्हणून मोठे स्थान आहे. संग्रहाचे श्रेय परंपरेने हाल सातवाहनाला दिले जाते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदावरीकाठचे आजचे पैठण.

या प्रदेशाची प्रेमभाषा ओळखायची तर मोहापासून सुरुवात करावी. एका गाथेत नायिका गोदेच्या तीरावरील, फुलभाराने जमिनीपर्यंत वाकलेल्या मोहाला विनवते, की फुले हळूहळू गाळ. मोहाची फुले वेचणे हे तिला घराबाहेर पडण्याचे निमित्त. फुले संपली की भेटीही संपणार. फुलाला रूपाची उपमा न करता भेटीची मुदत करणारी ही कल्पना संस्कृत काव्यातल्या कमळांहून मनाला अधिक भिडते.

आंब्याचा मोहोर वसंत आणि मदनाची चाहूल देतो. कदंब फुलला की पाऊस आला, आणि प्रवासी पती अजून परतलेला नाही, ही विरहिणीची व्यथा. मालतीभोवती घोटाळणारा भुंगा बहुधा प्रियकर असतो, कधी निष्ठावंत, कधी चंचल.

या संग्रहाची जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त वेबर यांची संपूर्ण आवृत्ती 1881 मध्ये लाइपझिगला प्रसिद्ध झाली. स. आ. जोगळेकरांची 1956 ची सटीप आवृत्ती मराठी वाचकाने अवश्य पाहावी.