लंडनचा विद्यार्थी आणि रुपयाचा प्रश्न



दरवर्षी १४ एप्रिलला व्यासपीठावरून आपण ऐकतो की, बाबासाहेब लंडनमध्ये पावाच्या तुकड्यावर राहून शिकले. ऐकताना आयाबायांच्या डोळ्यांत पाणी येतं. ते यायलाच पाहिजे. पण बाबासाहेब उपाशीपोटी तिथं नेमकं काय शिकले, असं विचारलं तर आपली कॉलेजात जाणारी पोरंही गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्यावरच चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले.

बाबासाहेब लंडनला दोनदा गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथला अभ्यास आटोपून १९१६ साली त्यांनी लंडन गाठले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. वर्ष होतं न होतं तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. सामानाबरोबर वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके ती बोट बुडाल्याने समुद्रात गेली.

इथे आल्यावर बडोद्याच्या नोकरीत जो अपमान झाला तो आपल्याला ठाऊक आहे. पुढे १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार चांगला होता, पण राहणी परळच्या चाळीतलीच. का? तर लंडनचे दार अजून उघडे होते आणि मुदत सरत चालली होती. पगारातली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज, एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. इकडे माता रमाई आणि लहानगा यशवंत. त्या संसाराचे हाल रमाईंनी गिळले. बाबासाहेबांच्या लंडनच्या पदव्यांत रमाईंचा अर्धा वाटा आहे, हे आम्ही ठासून सांगतो.

लंडनमधली त्यांची दिनचर्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. सकाळी घरमालकीण देईल तो चहा, पावाचा तुकडा आणि थोडे मासे. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. नाटक नाही, सिनेमा नाही. १९२१-२२ साली ते ज्या घरात राहत, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे स्मारक होण्यात स्थानिक नगरपालिकेची हरकत आली होती, पण २०२० साली परवानगी मिळाली.

आता मुद्द्याची गोष्ट. १९२१ साली त्यांनी एम.एस्सी. मिळवली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांची तिजोरी आणि मध्यवर्ती तिजोरी यांचा संबंध. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते, पण तो अभ्यास पुरा झाला नाही. आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी त्यांनी प्रबंध दिला, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न.

गिरणीत राबलेल्या माणसाला हा विषय परका वाटेल. पण तो आपल्याच पगाराच्या पाकिटाचा विषय आहे. त्या काळी रुपया चांदीचा होता. चांदी स्वस्त झाली तसा सोन्याच्या मानाने रुपया घसरला. माल परदेशी पाठवणाऱ्यांना ते फायद्याचे झाले. मुंबईच्या गिरण्यांचीही त्यात भरभराट झाली. लोक म्हणत, रुपया घसरणे देशाला बरे. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा येतो कुठून? त्यांचे उत्तर असे की बाजारभाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. भाव पुढे पळतो, मजुरी मागून रखडते. मधला जो फरक, तो मालकाचा नफा. म्हणजे तो कामगाराच्या पोटातून काढलेला असतो. महागाई भत्त्यासाठी ज्यांनी ज्यांनी गेटसभा केल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

म्हणून सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडता येऊ नयेत, त्याला आळा हवा, असे त्यांनी मांडले. केन्ससारख्या नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ज्या चलनपद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यातच बाबासाहेबांनी दोष दाखवले. तिशी नुकतीच ओलांडलेला, गुलाम देशातला, अस्पृश्य म्हणून हिणवलेला एक विद्यार्थी इंग्रजांच्या राजधानीत बसून इंग्रज सरकारच्या नाण्याचा हिशेब तपासत होता. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. पैसे तर संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईस आले, इथेच लिखाण दुरुस्त केले, पण निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना त्यातली बरीच मते पटत नव्हती, तरी त्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा गुरू आणि असा शिष्य! ग्रंथ बाबासाहेबांनी अर्पण केला तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला.

हे शिक्षण पदवीच्या भेंडोळ्यात बांधून ठेवले गेले नाही. १९२५ साली चलनाच्या प्रश्नावर शाही आयोग आला, त्याच्यापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्यात मजुराच्या बाजूने बोलणारा माणूस लंडनच्या ग्रंथालयात घडला होता.

आज आपल्या वस्त्यांतली काही मुले परदेशी शिकायला जातात. अभिमानाची गोष्ट आहे, जरूर जावे. पण कोणत्या विषयाचा अभ्यास करतो आणि तो कोणाच्या कामाला येणार, हा प्रश्न बाबासाहेबांच्या लेकरांनी स्वतःला विचारला पाहिजे. नुसत्या उपासाची आठवण काढून भागणार नाही. उपास गरिबीने लादला होता, अभ्यास त्यांनी स्वतः निवडला होता. आपण अनुकरण करायचे ते त्या निवडीचे.

शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. इंग्रजी आहे, जड आहे. शिकलेल्या मुलामुलींनी रविवारच्या वंदनेनंतर त्यातले एकेक पान वाचून आपल्या बोलीत समजावून सांगितले, तर आमच्यासारखी माणसे मांडी घालून ऐकायला तयार आहेत. विहारात बुद्धरूपासमोर बसून समजून घेणे, हीही वंदनाच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!