मीना-राजू मंच

शाळेतली दमदाटी, छेडछाड आणि मुलगा-मुलगी भेद यांविरुद्ध मुलांनीच पुढाकार घ्यावा, यासाठी महाराष्ट्रातील उच्च प्राथमिक शाळांत चालवला जाणारा विद्यार्थ्यांचा गट. शिक्षकांपैकी एक जण सुगमकर्ता किंवा सुगमकर्ती असते, बोलायचे मुलांनी.

नाव आले युनिसेफच्या मीना या चित्रपात्रावरून. १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी घडवलेल्या या नऊ वर्षांच्या मुलीला पडद्यावर आणण्यात भारतीय अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. राजू तिचा भाऊ. एका गोष्टीत आंब्याची मोठी फोड राजूला मिळते. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि दिवस मावळेपर्यंत मीनाची कामे करून राजू थकून जातो. ही गोष्ट दाखवून ‘तुमच्या घरी मोठी फोड कोणाला?’ एवढेच विचारावे. भाषणाची गरज उरत नाही. मुंबईत २००८ पासून ‘जेम्स’ या उपक्रमानेही ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलांशी लिंगभेद आणि हिंसा यांवर असाच संवाद साधला.

मंचाची गरज कुठे पडते, याचे एक उदाहरण म्हणजे तळेगाव दाभाडे. हे सरसेनापती उमाबाई दाभाड्यांचे गाव. मुलींच्या नेतृत्वाचा दाखला इथे शोधावा लागत नाही. आता तळेगाव आणि चाकणच्या एमआयडीसीमुळे परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुले इथल्या शाळांच्या वर्गांत बसतात. कोणाच्या बोलीची नक्कल होते, कोणाला गावावरून हाक मारतात. अशा वेळी हसणाऱ्यांतला एक जण हसायचा थांबला आणि एकट्या पडलेल्या मुलाशेजारी डबा उघडून बसला, तर चिडवणाऱ्याचा जोर ओसरतो. मंचाचे खरे काम हेच आहे. ते पोस्टर-स्पर्धांपुरते उरले, तर मंच कागदावरच राहतो.

मात्र मुलांना चौकशी अधिकारी करू नये. शासनाच्या १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी लागते. तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास मोठ्यांना शिक्षा होऊ शकते, मुलांना नाही. अशी तक्रार ‘आपसात मिटवा’ म्हणून शाळेने दाबू नये. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मोफत आहे. तो प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी ठळक लिहावा.