सॉफ्टवेअर गेले, मजकूर उरला

संगणकावरून सॉफ्टवेअर काढणे डॉसच्या काळात सोपे होते. प्रोग्रॅम बहुधा एकाच डिरेक्टरीत राहत असे. ती पुसली की काम संपे. विंडोज आले आणि त्याचे सामान घरभर पसरले. अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायच्या डीएलएल फाइली सिस्टिम डिरेक्टरीत, तर नोंदी दुसरीकडेच. १९९५ साली विंडोज ९५ ने या नोंदींसाठी रजिस्ट्री सर्रास वापरात आणली आणि कंट्रोल पॅनेलमधून प्रोग्रॅम काढण्याची सोय दिली. सामायिक फाइल किती प्रोग्रॅम वापरतात याची मोजणी रजिस्ट्रीत होई. ती शून्यावर आली तरच फाइल पुसायची. मात्र ही मोजणी प्रत्येक प्रोग्रॅमने इमानाने ठेवावी लागे, आणि घोडे तिथेच पेंड खाई.

वापरकर्त्याने लिहिलेल्या फाइलींना हात लावायचा नाही, हा सॉफ्टवेअर काढण्याचा सर्वमान्य संकेत. इंग्रजीत त्याने कोणाचे बिघडले नाही. मराठीत बिघडले.

देवनागरीसाठी इस्की ही सांकेतिक पद्धत १९९१ साली भारतीय मानक झाली होती. तिच्यात अक्षराला क्रमांक होता. परंतु विंडोजवरील मराठी टंकलेखन वाढले ते फॉन्टांच्या आधारे. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी ही त्यांतील सर्वपरिचित नावे. या फॉन्टांत क्रमांक अक्षराला नसून आकाराला असे. ‘म’ साठवायचा तो अर्धा म आणि उभा दंड असे दोन तुकडे करून; ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण ती डोळ्यांना आधी दिसते! शिवाय प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे.

परिणाम असा की सॉफ्टवेअर काढले आणि त्याबरोबर फॉन्टही गेला, तर मागे राहिलेल्या फाइलीत मराठीऐवजी रोमन अक्षरे व चित्रविचित्र चिन्हे दिसत. पुण्यात टंकलेली फाइल भिलाईतील रिसालीच्या एखाद्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, तरी हीच गत. फाइलीतला एकही बाइट हरवलेला नसे. तो वाचायचा कसा, हे सांगणारा तेवढा निघून गेलेला असे. यंत्राच्या हिशेबी काम स्वच्छ झाले होते.

यावरचा उपाय कागदावर कधीच तयार होता. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला इस्कीच्या धर्तीवर १२८ जागा मिळाल्या होत्या. विंडोजमध्ये त्यांचा प्रत्यक्ष आधार आला तो विंडोज २००० मध्ये, मंगल फॉन्टसह. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही एका सॉफ्टवेअरचा मिंधा राहिला नाही. जुना मजकूर मात्र परिवर्तकातून काढावा लागतो: तुकडे जोडायचे, वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा. जोडाक्षरांत चुका राहतातच. पेजमेकरला तर युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. त्यामुळे त्यात अक्षरजुळणी केलेल्या पुस्तकांच्या फाइली उघडायच्या, तर जुना फॉन्ट आणि जुना पेजमेकर दोन्ही अनेकदा संगणकावर राहू द्यावे लागतात.